ह्ये गुरांना चालतं का?

फेब्रुवारीतली दुपार. दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये आम्ही चौघं उभे होतो. मी, आई, माझी लेक आणि सत्तरीला टेकलेले धाकटे मामा. खरं तर मामांना तिथे न्यायचं काही कारण नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जाणारा माणूस. पण लेकीला ‘नाशिकला आलोच आहोत तर’ म्हणून वायनरी बघायची होती, आईला बाहेरच्या हिरवळीवर बसून चहा हवा होता, आणि मामा म्हणाले, “चला की, बाग तरी बघू.” काळा एप्रन घातलेला एक मुलगा ओळीने ग्लास मांडून प्रत्येकात दोन-दोन घोट ओतत होता. आधी ग्लास फिरवा, मग वास घ्या, मग जिभेवर थोडा वेळ धरा. आमच्या शेजारी मुंबईहून आलेला सात-आठ जणांचा घोळका होता. त्यातल्या एका मुलीने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उरलेलं टेबलावरच्या स्टीलच्या बादलीत ओतून दिलं. त्यासाठीच असते ती बादली. तीत लाल, पांढरी, गुलाबी सगळी एकत्र होऊन बीट उकडलेल्या पाण्यासारखा रंग झाला होता. मामा बराच वेळ बादलीकडे बघत राहिले आणि मग त्या एप्रनवाल्या पोराला अगदी साध्या आवाजात विचारलं, “ह्ये पुढं गुरांना चालतं का?”

पोरगा हसला. कुत्सित नाही, चांगलं हसला. “नाही काका, ड्रेनेजला जातं.” मामांनी मान हलवली. बँकेत ‘साहेब आज रजेवर आहेत’ ऐकल्यावर हलवतात तशी.

परतताना गाडीत कुणी त्यावर बोललं नाही. लेक मागच्या सीटवर फोटो चाळत होती. मला मात्र तो प्रश्न चपलेत खडा जावा तसा टोचत राहिला. आमच्या आजोळी वाया जाणं ही गोष्टच नव्हती. उसाचं वाढं गुरांना, कांद्याची पात गुरांना, छाटणीच्या काड्या चुलीला, शिळी भाकरी कोंबड्यांना. कुठलीही गोष्ट अंगणाबाहेर जायची ती कुणाच्या तरी पोटातून. म्हणून मामांनी सवयीने विचारलं असेल, अशी मी माझी समजूत घातली. ती अर्धवट होती हे लक्षात यायला नाशिक-पुणे रस्त्यावरचा सिन्नरचा घाट ओलांडावा लागला.

२००६ साली मामांनी सव्वादोन एकर शिराज, म्हणजे लाल वाईनची द्राक्षं, लावली होती. मामा तिला ‘सिराज’ म्हणायचे, जणू गावातलाच कुणी ओळखीचा. तेव्हा तालुक्यात वारंच तसं होतं. २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, अबकारी करात सवलत दिली, विंचूरला वाईन पार्क आखला, आणि जो तो एकमेकाला वाईनच्या जातींची नावं ऐकवू लागला. कॅबरनेट, चेनिन, सोव्हिनो. थॉमसनमध्ये, म्हणजे बिनबियांच्या खायच्या द्राक्षांत, आयुष्य घालवलेल्या माणसांना हे सोपं काम वाटलं, आणि काही अंशी ते होतंही. खायच्या द्राक्षाचे लाड फार. जीएमध्ये, म्हणजे मणी वाढवायच्या संजीवकात, घड बुडवा, विरळणी करा, मणी फुगवा, उन्हाने चट्टा पडू नये म्हणून घडाला कागद गुंडाळा, आणि एवढं करून व्यापारी मापात बसत नाही म्हणून बाजूला काढणार. वाईनच्या द्राक्षाला यातलं काही नको. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि शिराजचा रंग काळा-जांभळा. “हिला नटावं लागत नाही,” असं मामी म्हणायची. तिला ती बाग आवडायची. काढणीच्या आधी एक डोळा मिटून, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायची ती छोटी दुर्बीण सूर्याकडे धरून ती ओरडायची, “बावीसला आली!” माळकरी घरात वाईनची द्राक्षं कशी, असं एका कीर्तनकारांनी पारावर छेडलं तेव्हा मामांनी शांतपणे विचारलं होतं, “ऊसवाला काय दारू पिकवतो का महाराज?” त्यावर महाराजांनी विषय बदलला, कारण त्यांचा स्वतःचा तीन एकर ऊस होता.

वायनरीशी केलेल्या कराराचा कागद मामांनी लॅमिनेट करून देवघरामागच्या फळीवर ठेवला होता. दोन हंगाम बरे गेले. मग २००८चा नोव्हेंबर आला. मुंबईवर हल्ला झाला, मोठाली हॉटेलं ओस पडली, जगभर मंदी होतीच, आणि वायनऱ्यांच्या टाक्या आदल्या वर्षीच्या वाईनने भरलेल्या. जानेवारीत फोन आला, दोन दिवस थांबा. मग आणखी चार दिवस. साखर चढत गेली, मणी सुरकुतायला लागले. शेवटी अर्धा माल कमी भावाने उचलला, अर्धा वेलीवर राहिला. पैसे तुकड्यातुकड्यांनी आले, शेवटचा तुकडा आलाच नाही. थॉमसन असती तर पडेल भावात नाशिकच्या मार्केटला घातली असती, अगदीच झालं तर बेदाणा केला असता. शिराज कुणाला विकणार? हातगाडीवर ठेवली तर पोरं एक मणी खाऊन बिया थुंकून पुढे जातात. मामीने पाट्या भरभरून गोठ्यात नेऊन टाकल्या. गाईने पहिल्या दिवशी हावरटासारखं खाल्लं. दुसऱ्या दिवशी ती रवंथ करेना. पोट फुगलं, डोळे ओढले, रात्री अकराला डॉक्टर आणावा लागला. गाय वाचली. उरलेली द्राक्षं वेलीखालीच गळून आंबली, आणि त्या महिन्यात रानात शिरलं की वाईनचाच वास यायचा, असं मामी सांगते. ती एवढंच सांगून थांबते.

म्हणजे गुरांना चालतं का, हे मामांना पक्कं माहीत होतं.

२०१०च्या उन्हाळ्यात जेसीबी आणून बाग काढली. तारा गुंडाळल्या, अँगल किलोवर विकले. विहिरीकडच्या कडेची एक ओळ तेवढी राहिली, तीही काही आठवण म्हणून वगैरे नव्हे. जेसीबीचा बकेट तिथे वळत नव्हता.

त्या फेब्रुवारीतल्या सहलीनंतर महिनाभराने, रात्री झोप येईना म्हणून फोनवर बघत बसले होते, तर फ्रान्समधल्या एका शेतातला व्हिडिओ समोर आला. पाऊस पडून गेलेलं राखाडी आभाळ, आणि ओळीच्या ओळी वेली मुळासकट उपटून ढीग करणारं यंत्र. ढिगाला आग लावलेली. आवाज बंद होता तरी तो जेसीबी मला ऐकू आला. खाली लिहिलं होतं: बोर्दो. वाईनच्या जगातली पंढरीच म्हणायची. तिथे २०२३ साली ठरलं, साडेनऊ हजार हेक्टरच्या आसपास बागा काढायच्या, आणि काढणाऱ्याला हेक्टरी सहा हजार युरो द्यायचे. त्याच वर्षी फ्रेंच सरकारने शिल्लक वाईन विकत घेऊन तिचं अल्कोहोल करायला २० कोटी युरोंपर्यंत पैसे ठेवले. ते अल्कोहोल कुठे जाणार? सॅनिटायझर, अत्तरं, साफसफाईची रसायनं. मला ती स्टीलची बादली आठवली. तीच, फक्त एका देशाच्या आकाराची.

सकाळी मामांना फोन लावला. म्हटलं, मामा, फ्रान्समध्ये बोर्दो म्हणून गाव आहे, तिथे द्राक्षबागा तोडतायत. पलीकडे क्षणभर शांतता. मग, “बोर्डो? आपलं बोर्डो?”

आपलंच. मोरचूद आणि चुना कालवून केलेलं ते निळं पाणी नाशिकच्या द्राक्षवाल्याला आईच्या दुधाइतकं ओळखीचं. मामांच्या घरच्या पंपाला, बादलीला, कितीतरी जुन्या सदऱ्यांना तो निळा डाग कायमचा आहे. त्याचं नावच त्या गावावरून पडलंय. १८८०च्या दशकात तिथे डावणीने, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाने, बागा बसल्या होत्या. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडतात म्हणून शेतकरी कडेच्या ओळींवर मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडायचे, घड विषारी दिसावेत म्हणून. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाने पाहिलं की बाकी बाग पान गाळतेय आणि ह्या चोरभीतीच्या ओळी हिरव्यागार आहेत. त्यातून औषध निघालं आणि १८८५ साली ते जगापुढे आलं. मी हे सगळं फोनवर सांगितलं. मामांना चोरांचा भाग फार आवडला. त्यांनी तो मामीला ओरडून पुन्हा सांगितला. मग म्हणाले, “औषध दिलं त्यांनी, आन् त्यांचीच बाग बसली. डावणीनं?”

“डावणी आहेच. पण मुख्य म्हणजे पिणारे कमी झाले, मामा.”

“आन् तोडायचे पैसे देतंय सरकार?”

“एकरी दोन-सव्वादोन लाख पडतील आपले.”

“जेसीबीवाल्याला मी दिले व्हते,” मामा म्हणाले. रागाने नाही. हिशोब जुळत नसला की माणूस आकडा नुसता पुन्हा वाचतो, तसं.

पिणारे कमी झाले, हे मी म्हणून तर गेले. पण हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला नक्की वाईट वाटलं का, हे सांगता येत नाही. फ्रान्समध्ये १९५६ पर्यंत शाळेतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांना जेवणासोबत वाईन मिळायची, मग सरकारने ती बंद केली. १९६०च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरच्या वर वाईन प्यायली जायची, आता चाळीसच्या आसपास आहे. दुपारी दोन तास जेवायला बसणारे आजोबा गेले, त्यांच्याबरोबर त्यांची रोजची बाटलीही गेली. जगभराचा हिशोब ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४साठी जो आकडा दिला तो साधारण २,१४० कोटी लिटरचा, १९६१नंतरचा सगळ्यात कमी. पीकही त्या वर्षी साठ वर्षांतलं नीचांकी, तरी पिणाऱ्यांच्या दोन पावलं पुढेच. महागाई आहे, हवामान आहे, अमेरिकेने लावलेलं आयातशुल्क आहे. पण ह्या सगळ्याच्या तळाशी माझी लेक आहे.

तिने त्या टेस्टिंग रूममध्ये एकच घोट घेतला आणि ग्लास बाजूला ठेवला. चव आवडली नाही का, असं विचारलं तर म्हणाली, “आवडली गं. पण झोपेचा स्कोअर बिघडतो.” मनगटावरचं घड्याळ तिला रोज सकाळी गुण देतं. वाईन प्यायल्या रात्री त्रेपन्न, न प्यायल्या रात्री एक्क्याऐंशी. तिच्या मैत्रिणी पार्टीला कोम्बुचा म्हणजे आंबवलेला चहा पितात, शून्य अल्कोहोलची बिअर पितात, आणि कुणी पीत नाही म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. आमच्या वेळी न पिणाऱ्याला खुलासा द्यावा लागायचा. अमेरिकेत गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेने २०२५ साली विचारलं तर फक्त ५४ टक्के प्रौढांनी आम्ही पितो असं सांगितलं. नव्वदेक वर्षं ते हा प्रश्न विचारतायत, इतका कमी आकडा कधी आला नव्हता. आणि जागतिक आरोग्य संघटना २०२३मध्ये सांगून मोकळी झाली की सुरक्षित असा एकही थेंब नाही. ‘रोज एक ग्लास रेड हृदयाला चांगली’ म्हणणारे माझे एक डॉक्टर स्नेही हल्ली तो विषय काढत नाहीत.

हे वाचताना मला मोठी मावशी आठवते. तिच्या नवऱ्याने देशीपायी दोन म्हशी, एक तुकडा जमीन आणि शेवटी स्वतःला घालवलं. पुढे तिच्या गावात बायकांनी दारूचं दुकान बंद करायला मतदान मागितलं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद. मावशी त्या दिवशी इरकल नेसून गेली होती, लग्नाला जावं तशी. माझ्या लेकीच्या वयाची पोरं जगभर गुपचूप आडव्या बाटलीवर शिक्का मारतायत ही बातमी मावशीला कळली असती तर तिने पेढे वाटले असते. आणि तिच्याच सख्ख्या भावाने शिराज लावली होती. वाईन आणि देशी एक नव्हे, हे मला कळतं. मावशीला कळलं नसतं, आणि तिला ते समजावायला मी गेलेही नसते.

२०२२च्या जानेवारीत मोठ्या सुपरमार्केटांत वाईन ठेवायला सरकारने परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा हाच गोंधळ अख्ख्या महाराष्ट्राने घातला. एकीकडे ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’, दुसरीकडे ‘मद्यराष्ट्र’. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय कागदावरच राहिला. दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होत्या. मामा टीव्हीसमोर भुईमुगाच्या शेंगा फोडत म्हणाले होते, “माझ्या नावानं भांडतायत, आन् माझ्याकडं एक ओळ हाये.”

तसंही आपल्याकडे वाईन पितात किती जण? आमच्या ओळखीत निम्म्यांच्या लेखी वाईन म्हणजे गोव्याहून येताना आणलेलं गोड पोर्ट, पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवलेलं. देशाची सरासरी काढली तर माणशी वर्षाला चमच्यांत मोजावी लागेल. त्यामुळे टिकलेल्या वायनऱ्या आता वाईनइतकीच दुपार विकतात. धरणाकडे तोंड करून खुर्च्या, पिझ्झा, राहायच्या खोल्या, द्राक्षं पायाने तुडवण्याचा खेळ. मला त्यात काही वाईट दिसत नाही. त्या काळ्या एप्रनमधल्या पोराला तिथेच नोकरी मिळालीय, तो शेजारच्याच गावचा आहे, हे मामांनी दोन मिनिटांत आडनावावरून काढलं होतं.

ऑस्ट्रेलियाचं मामांना काही सांगावंच लागलं नाही, ते त्यांनीच पूर्ण केलं. म्हटलं, चीनने २०२०च्या अखेरीपासून त्यांच्या वाईनवर २१८ टक्क्यांपर्यंत कर लावला, मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत बंद, टाक्यांमध्ये २०० कोटी लिटर तुंबली, ग्रिफिथ नावाच्या भागात लाल द्राक्षांच्या बागा लोक उपटतायत. “निर्यातबंदी,” मामा म्हणाले. २०२३च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा त्यांची कांदाचाळ भरलेली होती. चीनने मार्च २०२४मध्ये तो कर काढला, आपल्याकडे मे महिन्यात कांदा खुला झाला. पण मधल्या काळात चिनी लोकांचंच वाईनवरचं मन उडत चाललं होतं. कांद्याचं एक बरं असतं, त्याच्यावरून कुणाचं मन उडत नाही. आणि कांदा चार महिन्यांत निघतो. एका हंगामात हात पोळले तर पुढच्या हंगामात सोयाबीन पेरता येतं. वेल लावणारा माणूस पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या जिभेवर पैसे लावतो, तेही स्वतःच्या नव्हे, कधी न पाहिलेल्या लोकांच्या. बोर्दोतल्या कुणाच्या आजोबाने लावलेला वेल माझ्या लेकीच्या घड्याळाशी कसा काय झगडणार?

त्या दिवशी वायनरीतून निघताना मी एक बाटली घेतली होती. शिराजच. ती का घेतली हे त्या क्षणी सांगता आलं नसतं. बहुधा बादलीची भरपाई. पुण्याला आल्यावर एका शनिवारी नवऱ्याने उघडली, आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा ग्लास घेतला, तो म्हणाला छान आहे, मग त्याला दुसऱ्या दिवशी लवकर टेकडीवर जायचं होतं. बूच पुन्हा लावलं ते नीट बसलं नाही. बाटली ओट्याच्या कोपऱ्यात, तेलाच्या बरणीमागे राहून गेली. मे महिन्यात आवरायला काढली तर नाकात झणकाच बसला. सिंकवर धरून तिरकी केली आणि तशीच थांबले. त्यापेक्षा गाळून काचेच्या बरणीत भरली. शिरका झाला होता, चांगला लालभडक.

जूनमध्ये मामा डोळ्याच्या तपासणीला पुण्याला आले. जेवायला पिठलं-भाकरी, ठेचा आणि त्या शिरक्यात तासभर बुडवलेला कांदा. कांदा गुलाबी झाला होता. मामांनी ताटातली फोड उचलून उजेडाकडे धरली, मामी ब्रिक्स बघायची तसा एक डोळा बारीक करून.

“काय लावलंय याला?”

“सिराज.”

हात तिथेच थांबला. मी घाईघाईने म्हटलं, “दारू नाही राहिली आता मामा, आंबून शिरका झालाय. माळेला चालेल, पण नको असेल तर साधा कांदा चिरते.”

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोडीकडे. माळ उजव्या हाताने सदऱ्याच्या आत सारली आणि फोड तोंडात टाकली. सावकाश चावली. बाग गेली त्याला कितीतरी वर्षं झाली होती.

“लई आंबट हाये, ताई,” म्हणाले, आणि वाटी जवळ ओढली.